हजार डॉलरमध्ये मुलासाठी तयार गेमिंग कॉम्प्युटर: कुठला घ्यावा?

मंडळी, नमस्कार. २०२५ च्या गणपतीनंतर आपल्या डॅलस परिसरातल्या मंडळींच्या मेल-यादीवर झालेली ही चर्चा बऱ्याच पालकांनी पुन्हा मागितली, म्हणून नावं काढून, पत्र कुठल्या गावाहून आलं तेवढं ठेवून एकत्र पाठवते आहे. किंमती आणि तारखा तेव्हाच्या आहेत.
– कार्यकारिणी

प्लेनोहून

नमस्कार मंडळी,

मुलगा यंदा नववीत गेला. उन्हाळाभर त्याने शेजाऱ्यांची कुत्री सांभाळली, गवत कापलं, त्यात आजीने दिलेले सणावाराचे पैसे घातले आणि आता त्याला गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचाय. थोडी भर आम्ही घालतोय. सगळं मिळून १००० डॉलर, त्यापुढे जायचं नाही. घरचा जुना डेस्कटॉप विंडोज १० वर आहे, त्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार, म्हणून घाई आहे.

तो व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट खेळतो, मित्रांबरोबर फोर्टनाइट. शाळेच्या रोबोटिक्स टीमसाठी ऑनशेप या प्रोग्रामवर डिझाइन करतो. सुटे भाग आणून जोडत बसायला आम्हाला दोघांनाही वेळ नाही, त्यामुळे तयारच घ्यायचा आहे. तीन पाहून ठेवलेत. पहिला ७२९ डॉलरचा: प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू) कोअर आय७, ३२ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) आरटीएक्स ३०५०. दुसरा ७९९ चा: रायझन ५ ५५००, १६ जीबी, आरटीएक्स ४०६०. तिसरा ९४९ चा: कोअर आय५ १३४००एफ, १६ जीबी, आरटीएक्स ५०६०.

मला पहिला बरा वाटतो. आय७ आहे, रॅम दुप्पट आहे, शिवाय सगळ्यात स्वस्त. मुलगा म्हणतो तो अजिबात नको, पण का नको ते त्याला मला पटेल असं सांगता येत नाहीये. कुणी मदत कराल का?

फ्रिस्कोहून

ताई, मुलाचं बरोबर आहे. पण आधी पैशांचा हिशेब करू, कारण तिसरा पर्याय तिथेच बाद होतो. आपल्याकडे टॅक्स ८.२५ टक्के. ९४९ चा कॉम्प्युटर दारात येईपर्यंत १०२७ चा होतो, आणि मॉनिटर अजून घ्यायचाच आहे. (ऑगस्टमधल्या टॅक्स-फ्री वीकेंडची वाट पाहायला हवी होती असं वाटून घेऊ नका. टेक्सासमध्ये ती सूट कपडे, बूट, दप्तर, वह्या-पेन्सिली यांना असते, कॉम्प्युटरला नाही.) बरा मॉनिटर साधारण १२० ला मिळतो. ७९९ अधिक १२०, त्यावर टॅक्स, म्हणजे ९९५. तेव्हा कॉम्प्युटरसाठी तुमच्याकडे खरे ८०० डॉलर आहेत असं धरून चला.

आता पहिल्याबद्दल. ‘कोअर आय७’ हे नाव इंटेल २००८ पासून वापरतंय. पुढचा आकडा लिहिला नसेल तर त्या नावातून काहीच कळत नाही. आय७ ६७०० हासुद्धा आय७च, पण तो २०१५ चा, चार कोअरचा (कोअर म्हणजे आतले एकाच वेळी काम करणारे भाग). २०२२ चा साधा आय५ १२४०० सहा कोअरचा आहे आणि त्याला सहज मागे टाकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. जुना आय७ निघाला, तर ज्या कारणासाठी तुम्ही नवीन घेताय तेच कारण पुन्हा दारात उभं. विक्रेता पूर्ण नंबर देत नसेल तर मी त्याच्याशी पुढे बोलणारसुद्धा नाही.

३२ जीबी रॅमचं तसंच. जुन्या पद्धतीची रॅम घालून आकडा फुगवणं स्वस्त पडतं आणि जाहिरातीत तो उठून दिसतो. गेम किती चांगला चालेल हे सगळ्यात जास्त ग्राफिक्स कार्डावर ठरतं, आणि नेमकं तेच इथे हलकं आहे. आरटीएक्स ३०५० या नावाने दोन कार्डं आहेत. एक ८ जीबीचं, दुसरं फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं. फरक फक्त मेमरीचा नाही, दुसऱ्यात आतले कोअरही कमी केलेत. जाहिरातीत नुसतं ‘३०५०’ लिहिलेलं असलं की कुठलं आलंय ते खोका उघडल्यावर कळतं. म्हणून कार्डाचं नाव कायम मेमरीसकट वाचायचं. ५०६० टीआय हे कार्डसुद्धा ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं, २०२५ मध्ये आलं तेव्हाच्या किंमती ३७९ आणि ४२९.

राहिला दुसरा. ४०६० हे २०२३ चं कार्ड, ८ जीबी, आलं तेव्हा सुट्या कार्डाची कंपनीची किंमत २९९ होती. नवीन मोठ्या गेममध्ये सगळी सेटिंग वर नेली तर ८ जीबी अपुरी पडू लागलीय, हे खरं. पण तुमचा मुलगा काय खेळतो ते बघा. व्हॅलोरंट सेकंदाला १४४ फ्रेमच्या (पडद्यावरच्या चित्रांच्या) वर चालवायला खुद्द गेमच्या कंपनीने जीटीएक्स १०५० टीआय सुचवलंय, ते २०१६ चं कार्ड आहे. फोर्टनाइटला ४०६० भरपूर झालं. ऑनशेप तर ब्राउझरमध्येच चालतं. त्याला गरज नसलेल्या ताकदीसाठी दीडशे डॉलर जास्त देण्यापेक्षा ते चांगल्या मॉनिटरवर घाला, रोज डोळ्यांसमोर तोच असणार आहे.

एक कमी बाजूही सांगतो. रायझन ५ ५५०० ची कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी, त्याच्या वरच्या ५६०० ची ३२, आणि कार्डाशी बोलण्याचा ५५०० चा रस्ताही जुना, पीसीआय ३ चा. ४०६० ला तो थोडा जाणवतो. तीस-चाळीस डॉलर जास्त देऊन ५६०० वाला मिळाला तर तो घ्या. दोन्ही एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा), म्हणजे पुढे रायझन ५००० मालिकेतला मोठा प्रोसेसर बसेल. त्यापुढची मालिका मात्र बसणार नाही, तिला मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) आणि रॅम दोन्ही वेगळे लागतात.

घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा. रॅम १६ ची एकच पट्टी आहे की ८-८ च्या दोन? एकच असेल तर प्रोसेसरला मेमरी अर्ध्या रुंदीने मिळते, आणि व्हॅलोरंट, माइनक्राफ्टसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेमना ते लगेच बाधतं. पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा, त्यावर ८० प्लसचा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याचा, शिक्का आहे का? आणि मदरबोर्ड, पॉवर सप्लाय नेहमीच्या मापाचे आहेत की कंपनीच्या स्वतःच्या मापाचे? स्वतःच्या मापाचे असतील तर चार वर्षांनी पॉवर सप्लाय गेल्यावर त्या एका भागासाठी त्याच कंपनीच्या दारात जावं लागतं. स्वस्त तयार कॉम्प्युटरमध्ये काटकसर नेहमी अशाच ठिकाणी केलेली असते, जिथलं जाहिरातीत काही लिहिलेलं नसतं.

आर्व्हिंगहून

मंडळी, एवढे पैसे घालवायचेच कशाला? ऑफिसातून निघालेले जुने डेस्कटॉप दोनशेला मिळतात. त्यात एक ग्राफिक्स कार्ड घालायचं, झालं काम. माझ्या पुतण्याने तसंच केलंय, मजेत खेळतो.

फ्रिस्कोहून

काका, चारशेचं बजेट असतं तर मीही तेच सांगितलं असतं. आणि वर मी ज्याला हलकं म्हटलं, ते ६ जीबीचं ३०५० तिथे अगदी योग्य. ते ७० वॉटमध्ये भागवतं, त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही. ऑफिसच्या डब्यातला पॉवर सप्लाय लहान असतो, जास्तीची वायर बहुतेक नसतेच. ७२९ च्या मशीनमध्ये तेच कार्ड घालून विकणं मात्र पटत नाही. ज्यांना हा मार्ग घ्यायचाय त्यांनी दोन गोष्टी बघा: प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, आणि डबा अगदी बारका असेल तर कार्ड आखूड उंचीचं. या मुलाला पुढची चार वर्षं, बारावीपर्यंत, एकच कॉम्प्युटर पुरवायचाय, म्हणून त्याला नवीन बरा.

प्लेनोहून

दादा, खूप आभार. तुमचं पत्र मुलाने दोनदा वाचलं, आणि मला पहिल्यांदाच कळलं की तो काय सांगत होता. पहिल्या विक्रेत्याला प्रोसेसरचा नंबर विचारला, उत्तर आलं, ‘शक्तिशाली आय७’. तो विषय संपला. दुसऱ्याने नीट कळवलं: रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, ५०० वॉट, ८० प्लस, मदरबोर्ड नेहमीच्या मायक्रो एटीएक्स मापाचा. फक्त मागे एक स्टिकर आहे म्हणे, तो फाटला तर वॉरंटी रद्द. मग पुढे रॅम वाढवायची झाली तर?

कॉपेलहून

ताई, त्या स्टिकरला घाबरू नका. मी ग्राहकांच्या तक्रारींचं काम करते म्हणून हे खात्रीने सांगते. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. तुम्ही डबा उघडलात किंवा दुसऱ्या कंपनीची रॅम घातलीत, एवढ्याच कारणाने वॉरंटी नाकारता येत नाही. २०१८ मध्ये एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, अशा अटी घालणाऱ्या सहा कंपन्यांना ताकीदपत्रं पाठवली होती. मात्र तुमच्या हाताने काही मोडलं तर ती दुरुस्ती वॉरंटीत येणार नाही, हे रास्तच आहे. विक्रेत्याचं ते लेखी उत्तर आणि जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. आलेल्या मशीनमध्ये दुसरंच काही निघालं तर तोच तुमचा पुरावा.

आणि घेताना परतीची मुदत बघा. बऱ्याच दुकानांत १५ दिवस असते. कॉस्टकोमध्ये कॉम्प्युटरला ९० दिवस मिळतात आणि वॉरंटी दोन वर्षांपर्यंत वाढवून देतात. किंमत वीस-तीस डॉलर जास्त असली तरी मुलाच्या कष्टाच्या पैशाला ते संरक्षण असावं असं मला वाटतं.

रिचर्डसनहून

नमस्कार, मी यूटी डॅलसमध्ये शिकते. मॉनिटरबद्दल लिहिते, कारण सगळे शेवटी उरलेल्या पैशात काहीतरी घेतात. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला २४ इंची, १०८० पी (चित्राचा नेहमीचा बारीकपणा), १४४ हर्ट्झ (पडदा सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलतो) किंवा जास्त, एवढं पुरे. ६० वरून १४४ वर गेल्यावर निशाण्यात जो फरक पडतो तो महागड्या कार्डाने पडत नाही. फोर-के, म्हणजे त्याहून खूप बारीक चित्राच्या मॉनिटरच्या, मोहात अजिबात पडू नये, ४०६० ला ते ओझं होईल. घेण्याआधी मायक्रो सेंटर या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन या, इथे ७५ महामार्गालगतच आहे. तिथे मॉनिटर चालू ठेवलेले असतात, मुलाला स्वतः बघू दे.

आणि काकू, १४ ऑक्टोबरची घाई नको. विंडोज १० च्या घरगुती कॉम्प्युटरना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. सेटिंगचा बॅकअप वनड्राइव्हवर ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांबलात तर चालेल.

प्लेनोहून

घरात बैठक झाली! दुसराच घ्यायचा, त्यातही ५६०० वाला मिळतो का ते बघतोय, आणि २८ नोव्हेंबरच्या सेलपर्यंत थांबायला मुलगा कसाबसा तयार झालाय. जुन्या डेस्कटॉपचं नाव आजच नोंदवलं. दादा, मशीन आलं की पहिल्या दिवशी काय काय बघायचं तेवढं सांगून ठेवा, तो ऐन वेळी कुणाचं ऐकणार नाही.

फ्रिस्कोहून

ताई, त्याला हेच पत्र द्या.

वायर लावण्याआधी बाजूची काच उघड. प्रवासात कार्ड हलू नये म्हणून आत फोम भरलेला असतो, तो आधी काढ. मॉनिटरची वायर कार्डाच्या भोकात लाव, वरच्या मदरबोर्डच्या भोकात नाही. तुझ्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, तिथे लावलीस तर पडदा काळाच राहील. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगला जाऊन हर्ट्झ १४४ वर ने, बऱ्याचदा ते आपोआप ६० वर राहतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमचं एक्सएमपी, म्हणजे ती पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू आहे का ते बघ. मग विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅम आणि कार्डाचं नाव विक्रेत्याच्या उत्तराशी ताडून पाहा. पहिल्या आठवड्यात रोज एक-दोन तास गेम चालव, सुरुवातीचे दोष बहुधा तेव्हाच दिसतात आणि परतीची मुदत हातात असते. ती संपेपर्यंत खोका आणि तो फोम टाकू नकोस.