एमपीडीए : खटल्याआधीच वर्षभर आत?

टपरीवरचा वकील
आमच्या गल्लीतल्या एका पोरावर एमपीडीए लावला, म्हणजे पुढे काही करू नये म्हणून खटल्याशिवायच वर्षभरापर्यंत आत ठेवायचा (स्थानबद्ध करायचा) महाराष्ट्राचा कायदा. पोरगा काही संत नाही, नावावर दोन मारामाऱ्या आहेत, पण दोन्हीत जामीन झालेला. एका संध्याकाळी स्थानबद्धतेचा आदेश हातात पडला आणि थेट जेल. सोबत कागदांचा जाडजूड गठ्ठा. त्यात दोन गोपनीय साक्षीदार, 'अ' आणि 'ब'. दोघांची हकिगत जवळपास शब्दाला शब्द तीच: चाकू दाखवला, खिशातले पैसे काढले, लोक सैरावैरा पळाले, दुकानदारांनी शटर ओढली. नाव नाही, उलटतपासणी नाही. सात महिन्यांनी हायकोर्टाने आदेश रद्द केला. ते सात महिने कुठून आणायचे?

घटनेचं कलम 22 अटक झालेल्याला वकील देतं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्या म्हणतं. आणि त्याच कलमात पुढे: स्थानबद्धाला हे लागू नाही. आवतण द्यायचं आणि पाट मांडायचाच नाही!

किराणावाली
माझीही गल्ली ऐका. आमच्या दुकानात एक भाई दर महिन्याला येऊन सरळ गल्ल्यात हात घालायचा. सासऱ्यांनी एकदाच तक्रार केली. तिसऱ्या दिवशी तो जामिनावर बाहेर, चौथ्या दिवशी आमची काच फुटलेली. तुमचा तो 'अ' म्हणजे माझे सासरेही असू शकतात. नाव छापलं तर कोण तोंड उघडेल? त्याला वर्षभर आत टाकला, तेव्हा कुठे गणपतीत रात्री अकरापर्यंत दुकान उघडं ठेवलं.

जुनी फाईल
ताई, त्रास खरा आहे, पण त्यावर खंडणीचा गुन्हा आहे, जामीन रद्द करायचा अर्ज आहे. ते करायला मेहनत लागते, म्हणून हा शॉर्टकट. 1965 मध्ये राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या न्या. हिदायतुल्लांनी एकात एक तीन वर्तुळं सांगितली: बाहेरचं कायदा व सुव्यवस्थेचं, आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षेचं. दोघांची मारामारी बाहेरच्या वर्तुळातली. एमपीडीएला मधलं लागतं, म्हणजे सगळी वस्ती हादरली असं दाखवावं लागतं. म्हणून तर प्रत्येक गठ्ठ्यात ती शटरं खाली येतात!

मधला बाक
कायदा 1981 चा, हातभट्टीवाले आणि झोपडपट्टी दादांसाठी केलेला. पुढे वाळूतस्करही आले. नदी पोखरणाऱ्याला काय नोटिसा पाठवत बसायचं? आणि स्थानबद्धतेची ही तरतूद बाबासाहेबांनीच मांडली होती, हे सोयीस्कर विसरू नका.

जुनी फाईल
मांडली होती, पण का ते बघा. घटना समितीने जीविताच्या कलमातून 'ड्यू प्रोसेस' (कायदाच न्याय्य आहे का हे कोर्टाने तपासायची हमी) काढलं, त्याची भरपाई म्हणून 1949 च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी 15-अ आणलं, तेच आजचं 22. स्थानबद्धता मोकाट सुटू नये म्हणून त्यात डांबायला पुरेसं कारण आहे का ते तपासणारं सल्लागार मंडळ घातलं. 44 व्या घटनादुरुस्तीने (1978) मंडळाशिवाय डांबायची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली, मंडळाचा अध्यक्ष हायकोर्टाचा सेवेतला न्यायमूर्तीच हवा असंही ठरवलं. पण त्या दुरुस्तीचं तेवढंच कलम 3 आजतागायत लागू झालेलं नाही. अधिसूचना काढायचं केंद्राच्या हातात. सरकारं किती आली-गेली, कुणालाच घाई नाही.

किराणावाली
बसवा की न्यायमूर्ती, माझी कुठे ना आहे? 'अ'चं नाव मात्र झाकलेलंच राहू द्या.

टपरीवरचा वकील
आणि 'अ' नावाचा माणूसच नसला तर?

जुनी फाईल
म्हणून तर वरिष्ठ अधिकाऱ्याने साक्षीदाराला भेटून खातरजमा करायची असते. ती धड नाही म्हणून आदेश उडाल्याची उदाहरणं आहेत. तुमच्या गठ्ठ्यात जबाबाखाली काय शेरा आहे?

टपरीवरचा वकील
"पडताळले." सही, तारीख. बास.