बातमीचं पुढे काय झालं, हे तुम्ही कसं शोधता?

अर्धविराम

"चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत." कुठल्याही देशातलं वर्तमानपत्र उघडा, दुर्घटनेच्या बातमीच्या शेवटी हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतंच. पूल पडो, आग लागो, गाडी रुळावरून घसरो. मला त्या वाक्याची आता चीड येते. खरी बातमी तिथून पुढे सुरू व्हायला हवी आणि नेमकी तिथेच ती सोडून दिली जाते. समितीत कोण होतं, अहवाल आला का, त्यात काय निघालं, कुणाला शिक्षा झाली, एखादा नियम तरी बदलला का? काही पत्ता नाही. तोवर दुसरी दुर्घटना झालेली असते आणि तिच्या चौकशीचे आदेश निघालेले असतात.

मी एक वही ठेवते. डाव्या पानावर बातमी आणि तारीख, उजवं पान मोकळं. पुढचं काही कळलं की उजवीकडे लिहायचं. उजवीकडची बहुतेक पानं कोरी आहेत.

एक भरलेलं पान सांगते. २०१० साली चिलीतल्या सान होसे खाणीत ३३ कामगार अडकले होते. ५ ऑगस्टला खाण खचली आणि १३ ऑक्टोबरला शेवटचा माणूस कॅप्सूलमधून वर आला. ते दृश्य जगभर थेट दाखवलं गेलं. मीही पाहिलं आणि रडले. पण ज्यांनी ती खाण तशा अवस्थेत चालवली, त्यांचं काय झालं? हे मला आपोआप कधीच कळलं नाही, मुद्दाम शोधावं लागलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सरकारी वकिलांनी तपास बंद केला. कुणावरही आरोप ठेवला गेला नाही. कामगारांनी त्यावर संताप व्यक्त केला होता, पण तेव्हा कॅमेरे तिथे नव्हते. ३३ जण जिवंत बाहेर आले हा त्या बातमीचा शेवट म्हणून माझ्या मनात पक्का बसला होता. तो शेवट नव्हता.

आता याच्या शेजारी रोजचा दिवस ठेवा. कुणी मोठा माणूस काही बोलतो, त्याची बातमी. त्यावर दुसरा काय बोलला, त्याची बातमी. मग लोकांनी त्या दोघांची कशी खिल्ली उडवली, त्याचीही बातमी. प्रतिक्रियेवरची प्रतिक्रिया मला तासाभरात घरबसल्या कळते. ज्यात माणसं दगावली त्या प्रकरणाचा निकाल मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. हे इतकं उफराटं आहे आणि आपण ते किती सहज चालवून घेतो!

तर विचारायचं हे की तुमच्यापैकी कुणी एखादी बातमी शेवटापर्यंत धरून ठेवली आहे का? कशी? आणि बातम्या देणाऱ्यांपैकी कुणी इथे असेल तर सांगा, हे असं का होतं?

निवांत

ताई, तळमळ समजते, पण मला हे पटत नाही. प्रत्येक बातमीच्या मागे लागायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही. मी रोजच्या बातम्या बंद केल्या आहेत. आठवड्यातून एकदा वाचतो. जे तोवर टिकलं तेच महत्त्वाचं, असं धरून चालतो. झोप सुधारली. ज्या घटनेत आपण काडीचाही बदल करू शकत नाही, तिचा शेवट कळून नेमकं काय साधतं?

मचवा

काय साधतं, ते मी सांगतो. माझी सगळी नोकरी मालवाहू बोटींवर, इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे उदाहरण समुद्रावरचंच देणार.

'एव्हर गिव्हन' सगळ्यांना आठवत असेल. २३ मार्च २०२१ ला ४०० मीटर लांबीचं ते जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. २९ मार्चला सुटलं. ते सहा दिवस जगाने काय नाही केलं! चित्रं काढली, विनोद केले, रोज किती कोटींचा व्यापार थांबला त्याचे आकडे मांडले. जहाज तरंगलं, भोंगे वाजले आणि बातमी संपली.

पण जहाज कुठे गेलं? कुठेच नाही. ते कालव्यातच ग्रेट बिटर लेकमध्ये नेऊन नांगरलं. कालवा प्राधिकरणाने ९१ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई मागितली, कोर्टाने जहाज अरेस्ट केलं. हो, जहाजालाही अटक होते, आमच्याकडे तोच शब्द वापरतात. पुढे मागणी ५५ कोटींवर आली, वाटाघाटी चालत राहिल्या आणि ७ जुलैला जहाज सुटलं. म्हणजे अडकलं सहा दिवस आणि अडकवून ठेवलं तीन महिन्यांहून जास्त. त्यावरचे खलाशी भारतीय होते. ज्या अपघाताची जबाबदारी अजून ठरायची होती, त्याच्या पैशांच्या भांडणात हे लोक त्या तलावात बसून होते. काहींना मधे घरी जाऊ दिलं, पण जहाज चालतं ठेवायला माणसं लागतातच, त्यामुळे बाकीचे राहिले. करार संपत आलेला असताना साइन ऑफ, म्हणजे बोटीवरून उतरून घरी जायची मोकळीक, कधी मिळणार हे माहीत नसणं काय असतं, ते बोटीवर राहिलेल्यालाच कळतं.

जहाजात १८ हजारांवर कंटेनर होते. मालकांनी 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केलं. हा समुद्रावरचा फार जुना कायदा आहे. जहाज वाचवायला जो खर्च येतो, तो जहाजमालकाने आणि त्यावर माल असलेल्या प्रत्येकाने आपापल्या हिश्शाने भरायचा. हमी दिल्याशिवाय माल मिळत नाही. ज्या छोट्या व्यापाऱ्याचा एकच कंटेनर आत होता, त्याच्यासाठी ती बातमी मार्चमध्ये संपलेली नव्हती.

याहून मनाला लागणारी गोष्ट पुढे आहे. जग एव्हर गिव्हनकडे बघत होतं, त्याच काळात सुएझच्या परिसरात 'अमान' नावाच्या दुसऱ्या जहाजावर एक सीरियन अधिकारी एकटाच राहत होता. ते जहाज २०१७ च्या जुलैमध्ये अदबिया बंदरात अडवलं होतं, सुरक्षा साधनांची आणि प्रमाणपत्रांची मुदत संपली म्हणून. कंत्राटदाराने इंधनाचे पैसे भरले नाहीत, मालक अडचणीत आले, कप्तान किनाऱ्यावर होता, म्हणून कोर्टाने या अधिकाऱ्याला जहाजाचा कायदेशीर राखणदार ठरवलं. बाकीचे एकेक करून गेले, याला उतरता येईना. वीज नाही, डिझेल नाही. २०२० च्या मार्चमध्ये वादळाने जहाज वाहत जाऊन किनाऱ्याजवळ रुतलं, तेव्हा कुठे तो पोहत जाऊन खायला आणू लागला, फोन चार्ज करू लागला. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो घरी गेला. जवळजवळ चार वर्षांनी.

निवांतराव, शेवट कळून काय साधतं? असं टाकून दिलेल्या खलाशांची नोंद आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना मिळून २००४ पासून ठेवतात. ती कुणालाही बघता येते. जहाजाचं नाव, तारीख, किती माणसं, पगार किती थकला, प्रकरण मिटलं की नाही. अशा नोंदी साचत गेल्या, खलाशांच्या संघटनांनी त्या दाखवून भांडण केलं, आणि २०१७ च्या जानेवारीपासून जहाजमालकाला टाकून दिलेल्या खलाशांसाठी आर्थिक हमी ठेवणं बंधनकारक झालं. मालकाने हात वर केले तरी खलाशाला थकलेल्या पगारातले काही पैसे मिळू शकतात, ते या हमीमुळे. 'हे प्रकरण अजून मिटलेलं नाही' असं कुणीतरी लिहून ठेवल्याशिवाय असे नियम होत नाहीत.

अर्धविरामताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. वर्तमानपत्राची वाट बघू नका. ज्या क्षेत्रातली बातमी असेल, त्या क्षेत्राची स्वतःची नोंदवही शोधा. विमान अपघाताचा तपास अहवाल, जहाजाची नोंद, कोर्टाचा निकाल. हे बहुतेक वेळा उघड असतं, फक्त कुणी उघडत नाही.

पान_सात

बातम्या देणाऱ्यांपैकी कुणी आहे का, असं विचारलंत. मी बरीच वर्षं डेस्कवर उपसंपादक होते.

पाठपुरावा का होत नाही, याचं पहिलं कारण खर्च. चौकशी अहवाल ९०० पानांचा असतो. तो वाचायला, समजून घ्यायला, दोन जाणकारांना विचारायला एका बातमीदाराचा आठवडा जातो. तेवढ्याच वेळात तो रोजच्या दहा-वीस बातम्या देऊ शकतो. प्रतिक्रियेची बातमी जवळजवळ फुकट पडते. कुणीतरी बोललेलं असतं, ते फक्त उतरवायचं.

दुसरं, माणसं बदलतात. ज्याने दुर्घटनेच्या रात्री चिखलात उभं राहून बातमी दिली, तो अहवाल येईपर्यंत दुसऱ्या बीटवर (बातमीदाराला नेमून दिलेल्या विषयावर) किंवा दुसऱ्या नोकरीत असतो. पूर्वी कात्रणांचा विभाग असायचा. तिथला माणूस स्वतःहून येऊन सांगायचा की अमुक समितीची मुदत आज संपते, विचारा. हे विभाग ठिकठिकाणी बंद झाले. शोधयंत्रात जुनी बातमी लगेच मिळते हे खरं, पण आज काय विचारायचं याची आठवण ते करून देत नाही.

तिसरं मला सगळ्यात मूलभूत वाटतं, ते म्हणजे वेळ भरण्याची सक्ती. १८ एप्रिल १९३० ला, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, बीबीसी रेडिओच्या निवेदकाने आज काहीही बातमी नाही असं सांगितलं आणि बातमीपत्राच्या उरलेल्या वेळात पियानो लावला. आज हे कुठल्याही वाहिनीला शक्य नाही. १ जून १९८० ला सीएनएन सुरू झाली तेव्हापासून चोवीस तास हे माप ठरलं. मग फोन आले आणि मिनिट हे माप झालं. पाठपुराव्याची बातमी मिनिटाच्या मापात बसत नाही. 'अहवाल अजून आलेला नाही' ही खरी आणि महत्त्वाची बातमी आहे, पण ती आज द्यायची की उद्या, याचं काही निमित्त नसतं. निमित्त नाही म्हणून ती कधीच जात नाही.

वाचकांनाही एक गोष्ट सांगते, आणि मनापासून सांगते. डेस्कवर पत्र आलं की 'त्या प्रकरणाचं पुढे काय झालं', तर त्याचा परिणाम होतो. असं पत्र बैठकीत फिरतं. मी ते होताना पाहिलं आहे. तक्रारीची पत्रं खूप येतात, हा प्रश्न विचारणारी फार कमी.

गुणाकार

सहमत. थोडी वेगळी बाजू मांडतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. अर्धवट सुटलेल्या बातम्या फक्त वाईट नसतात, चांगल्याही तशाच सुटतात, आणि त्याचं नुकसान मला वर्गात दिसतं.

ओझोनच्या थराला पडलेलं छिद्र आठवा. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ते जगापुढे मांडलं. पुढची काही वर्षं ती मोठी बातमी होती. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, फ्रीज आणि स्प्रेमधली सीएफसी रसायनं टप्प्याटप्प्याने बंद झाली, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाने तो करार मान्य केला. मग बातमी नाहीशी झाली. आज मुलांच्या आईवडिलांना विचारलं तर अनेकांना वाटतं की ते छिद्र वाढतच असेल. खरं तर ते भरून येत आहे. सध्याची धोरणं टिकली तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाचा अंदाज आहे.

मधे एक प्रकार घडला, तो मी मुलांना आवर्जून सांगतो. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की बंदी असलेल्या सीएफसी-११ चं प्रमाण हवेत जितक्या वेगाने कमी व्हायला हवं तितकं होत नाही, म्हणजे कुणीतरी ते नव्याने सोडत आहे. पुढच्याच वर्षी मोजमापांवरून त्यातला मोठा वाटा पूर्व चीनमधून येतो असं दिसलं. बभ्रा झाला आणि त्यानंतर उत्सर्जन पुन्हा खाली आलं. बातमी विरल्यावरही तीस वर्षं काही माणसं रोज हवा मोजत राहिली, म्हणून ही चोरी पकडली गेली. निवांत, तुम्ही म्हणता आपण काही बदलू शकत नाही. हे बदललं ना! पण शेवट न कळल्यामुळे 'माणसाने ठरवलं तरी काही होत नाही' असं दहावीतली मुलं मला ठामपणे सांगतात. ते ऐकून मला फार वाईट वाटतं.

निवांत

गुणाकार, ओझोनचं मला खरंच माहीत नव्हतं. रोजच्या बातम्या मी पुन्हा सुरू करणार नाही, त्या मतावर ठाम आहे. पण एक प्रकरण धरून ठेवायला काही हरकत दिसत नाही. ताई, तुमच्या वहीतलं एखादं द्या.

अर्धविराम

देते, आणि सगळ्यांचे आभार. मचवादादा, अमानबद्दल मी आज पहिल्यांदा वाचलं. ती नोंदवही उघडून बसले आहे.

निवांत, तुम्ही लंडनच्या ग्रेनफेल इमारतीची आग घ्याल का? १४ जून २०१७, मृत्यू ७२. चौकशीचा अंतिम अहवाल ४ सप्टेंबर २०२४ ला आला, सात वर्षांनी. सगळे मृत्यू टाळता आले असते, असं चौकशीच्या अध्यक्षांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं. इमारतीला बाहेरून लावलेलं ज्वलनशील आवरण, ते विकणाऱ्या कंपन्यांचा अप्रामाणिकपणा, सरकारचं दुर्लक्ष, सगळं त्यात आहे. ब्रिटनबाहेरच्या बातम्यांत बहुतेक ठिकाणी त्याला एक दिवस मिळाला. फौजदारी आरोप ठेवायचे की नाही याचा निर्णय २०२६ च्या अखेरीपर्यंत लागेल असं पोलिसांनी २०२४ मध्ये सांगितलं होतं. ती तारीख लिहून ठेवा आणि जे होईल ते इथेच टाका. अहवालाचा सारांश मोफत मिळतो. आधी तो वाचा, आठवड्याच्या वाचनात बसेल.

पान_सात, पत्र कुणाच्या नावाने पाठवायचं, संपादकांच्या की वृत्तसंपादकांच्या?

पान_सात

वृत्तसंपादकांच्या. मूळ बातमीची तारीख आणि पान क्रमांक नक्की लिहा, आणि एका पत्रात एकच प्रकरण विचारा.