दूध तोडलेल्या पिल्लांना लॅक्टोबॅसिलसची पुडी: इलाज की भाबडेपणा?

हिरवागार: डुकराच्या पिल्लांचं दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोडलं की हगवण लागते. त्यावर लॅक्टोबॅसिलस या उपयोगी जीवाणूंची पुडी हाच खरा इलाज, असं माझं ठाम मत आहे. इतक्या लहान पिल्लाच्या जठरात स्वतःचं आम्ल कमीच तयार होतं. दुधातल्या लॅक्टोजवर वाढणारे हे जीवाणू लॅक्टिक आम्ल करतात आणि हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जीवाणूंना डोकं वर काढू देत नाहीत. दूध बंद झालं की त्यांची संख्या घसरते. मग बाहेरून दिले तर बिघडलं कुठे? वाढीसाठीची प्रतिजैविकं युरोपीय संघाने २००६ पासून बंद केलीच आहेत.

रोखठोक: पुडीला ना नाही, ‘हाच’ला आहे. झिंक ऑक्साईड बघा. किलोभर खाद्यात सुमारे २५०० मिलिग्रॅम झिंक दिलं की हगवण आटोक्यात यायची, म्हणून युरोपात ते २०२२ पर्यंत चाललं. पण त्याच मात्रेने लॅक्टोबॅसिलसही घटतात, हे प्रयोगांत दिसलंय. लॅक्टोबॅसिलस कमी आणि हगवणही कमी! हे कुठे बसवता?

हिरवागार: झिंकची वाट वेगळी, ते आतड्याच्या अस्तरावरही काम करतं. शिवाय ते विष्ठेतून जमिनीत साठतं, म्हणून तर बंद झालं. एक औषध चाललं म्हणून दुसरं खोटं ठरतं का?

रोखठोक: खोटं नाही, पण गुण कशाने आला हे कसं ठरवणार? काही पिल्लांच्या आतड्यात एफ-४ गटाच्या ई. कोलायला चिकटायला जागाच नसते, ती जन्मतःच वाचलेली. अशी पिल्लं गटात असली की श्रेय पुडीला! आणि पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, बनताना खाद्य ७०-८० अंशांपर्यंत तापतं. त्यात संरक्षक लेप नसलेले किती लॅक्टोबॅसिलस जगतील? बॅसिलस या दुसऱ्या जीवाणूचे बीजाणू (त्याची टणक, सुप्त रूपं) तगतात, पण तो गडी वेगळा.

मधलीवाट: भांडा सावकाश, पण पुडीच कशाला हवी? खाद्य पाण्यात कालवून आंबवा. नीट आंबलं की सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) ४.५च्या खाली जातो, साल्मोनेला आणि ई. कोलायला तिथे जगणं कठीण होतं. जीवाणू पुढे आतड्यात टिकोत न टिकोत, आम्ल तर पोटात जातंच.

रोखठोक: हे पटतं, पण सगळं खाद्य एकत्र आंबवलंत तर वरून घातलेलं लायसिन, म्हणजे वाढीला लागणारं अमिनो आम्ल, जीवाणूच फस्त करतात आणि पिल्लांची वाढ खुंटते. आंबवायचं ते नुसतं धान्य, लायसिन खायला घालताना मिसळायचं.

हिरवागार: म्हणजे शेवटी काम लॅक्टोबॅसिलसच करणार, फक्त पुडीऐवजी टाकीत!