गंगावेशीतला दूध कट्टा हलवू नका

कोल्हापुरातल्या गंगावेशीतला दूध कट्टा वाहतुकीला अडचण करतो, तो गावाबाहेर न्या, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. बाहेर नेला की त्याचा नुसता गोठा होईल. आत्ता इथं कसं, रस्त्याकडेला म्हशी उभ्या, गवळी समोर धार काढतोय आणि फेसासकट ग्लास थेट हातात. दूध कोमट, ओठांवर फेसाची मिशी. आमचे आजोबा साखर घालू द्यायचे नाहीत, "चव मरतीय बघ" म्हणायचे. तालमीतली पोरं मेहनत करून इथंच यायची. १९१२ साली शाहू महाराजांच्या काळात खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं राहिलं. या गावच्या कुस्तीला अशा दुधानंच पोसलंय.

स्वच्छतेचा मुद्दा मात्र रास्त आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार), क्षय असे आजार होऊ शकतात, त्यामुळं लहान मुलांना आणि गरोदर बायकांना ते उकळूनच द्यावं. म्हशींची नियमित तपासणी व्हावी, ग्लास गरम पाण्यानं धुवावेत. रस्ता अडतो तो आडव्यातिडव्या लावलेल्या चारचाकींनी. आधी त्यांना शिस्त लावा.