सेल्फ स्टोरेजची मॅनेजरी: छोट्या मालकाकडे की मोठ्या कंपनीत?

किल्लीदार

अमेरिकेत सेल्फ स्टोरेजमध्ये, म्हणजे लोकांना सामान ठेवायला गाळे भाड्याने देण्याच्या धंद्यात, मॅनेजरचं काम शोधणाऱ्याला हल्ली सगळे एकच सांगतात: डोळे मिटून मोठ्या कंपनीत जा. मी दोन्हीकडे काम केलंय आणि मला हा सल्ला पटत नाही.

काम दोन्हीकडे तेच. सकाळी फेरी मारायची, प्रत्येक गाळ्याचं कुलूप जागेवर आहे का बघायचं, सोडून गेलेल्यांचे गाळे झाडून घ्यायचे, नव्या माणसाला गाळा दाखवायचा, करार करायचा, गेटचा कोड द्यायचा, थकबाकीवाल्यांना फोन लावायचे, तरी पैसे आले नाहीत तर गाळ्याला आपलं कुलूप चढवायचं. फरक एकाच गोष्टीत आहे, पण तो फार मोठा आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल निर्णय कोण घेतं?

भाडेवाढीचंच बघा. कंपनी सुरुवातीला गाळा स्वस्तात देते आणि काही महिन्यांनी भाडं चढवायला लागते. किती चढवायचं ते मुख्यालयातलं सॉफ्टवेअर ठरवतं. वर्षानुवर्षं वेळेवर पैसे भरणारे आजोबा पत्र हातात घेऊन काउंटरवर येतात आणि विचारतात, "माझं काय चुकलं?" मॅनेजरकडे उत्तर नसतं आणि आकडा बदलायचा अधिकारही नसतो. छोट्या मालकाकडे असताना मी थेट फोन करायचो, "यांचं भाडं राहू द्या," आणि ते राहायचं. नवरा गेल्यावर दोन हप्ते चुकलेल्या बाईंकडून अर्धे पैसे घेऊन दंड माफ केला होता. त्या रात्री मला शांत झोप लागली. पगारापेक्षा मला याची किंमत जास्त आहे.

रोखठोक

पूर्णपणे असहमत. झोपेचं बोलताय तर आजारपणाचंही बोलू.

इथल्या कायद्याप्रमाणे ५० किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ कामगार असलेल्या मालकाने आरोग्य विमा द्यावा, नाहीतर त्याला दंड लागू शकतो. एक-दोन जागांच्या मालकाकडे तीन-चार माणसं. त्याच्यावर हे बंधन नाही. घरातल्या आजारपणासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी राखून ठेवणारी रजा, तिलाही ५० कामगारांचीच अट. माझ्या बायकोची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी कंपनीत होतो. रजा घेतली, परत आलो, खुर्ची तिथेच होती. हे मला कोणाच्या चांगुलपणावर मागावं लागलं नाही. तुमचा मालक भला होता, मान्य. पण भला मालक मिळणं हे नशीब आहे, नोकरीची अट नाही.

सांजफेरी

रोखठोक यांना +१, आणि जागेवर राहणाऱ्यांचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते.

छोट्या मालकांकडे अजूनही ऑफिसच्या मागे किंवा वर मॅनेजरला घर देतात. पगार कमी, पण भाडं वाचतं, असा हिशेब. आम्हाला तो तेव्हा फार चांगला वाटला होता. मग कळलं की दार आपलं असलं तरी वेळ आपली नाही. रात्री गेट अडकलं की आमची बेल. सुट्टीच्या दिवशी कोणाला गाळ्याची किल्ली सापडत नाही, आमचीच बेल. कायदा सांगतो की कामाच्या जागेवर राहणाऱ्याचा सगळा वेळ काही काम धरला जात नाही, दोघांनी ठरवलेला वाजवी करार चालतो. पण करार कागदावर कुठे होता? सगळं तोंडी. आणि मालकाने जागा विकायला काढली तेव्हा आमची नोकरी आणि छप्पर एकाच आठवड्यात गेलं. मुलांच्या शाळेचं वर्ष मध्येच तुटलं. ते मी अजून विसरलेले नाही.

शिवाय छोटा मालक छोटाच राहील याची खात्री काय? पब्लिक स्टोरेज या आजच्या मोठ्या कंपनीची सुरुवात १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल कहोन इथल्या एका जागेपासून झाली. २०२३ मध्ये त्याच कंपनीने सिम्प्ली सेल्फ स्टोरेज २.२ अब्ज डॉलरला घेतली. त्याच वर्षी एक्स्ट्रा स्पेस आणि लाइफ स्टोरेज एक झाल्या. एवढ्या मोठ्या कंपन्या विकत घेतल्या जातात, तिथे एका मालकाची जागा किती दिवस टिकणार?

किल्लीदार

सांजफेरी, तुमच्यावर आलं ते वाईटच होतं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण विलीनीकरणात कंपनीचे मॅनेजर सुरक्षित राहतात असंही नाही. दोन कंपन्या एक झाल्या आणि जवळजवळच्या दोन जागा एकाच नावाखाली आल्या की एकाच मॅनेजरवर दोन्ही सोपवायचा विचार आधी होतो. फोन कॉल सेंटरला, भाडेकरार मोबाइलवर, गेट आणि कुलूप ॲपवर. राहिलेला माणूस एकटा दिवसभर या जागेवरून त्या जागेवर पळतो. वर सामानाच्या विम्याचं टार्गेट असतंच. किती नव्या भाडेकरूंना विमा विकला, यावरून तुमची लायकी ठरते. ज्याला विमा नको, त्याला तीन-तीनदा विचारायला मला लाज वाटायची.

हिशेबी

एक तिसरा प्रकारही आहे, तो इथे आलाच नाही. मालकी छोट्या मालकाची, पाटी आणि कारभार मोठ्या कंपनीचा. एक्स्ट्रा स्पेस, क्यूबस्मार्ट दुसऱ्यांच्या जागा अशा चालवायला घेतात. मुलाखतीला पाटी बघून जाऊ नका, पगार कोणाच्या खात्यातून येणार ते विचारा.

लाल कुलूप

मी मुख्यतः थकबाकी आणि लिलावाचं काम बघतो, म्हणून माझं मत तिथूनच येतं.

भाडं थकलं की गाळ्यातलं सामान लिलावात विकून पैसे वसूल करायचा हक्क मालकाला मिळतो, पण तो वापरायची रीत प्रत्येक राज्याच्या कायद्यात ठरलेली आहे. नोटीस कशी पाठवायची, किती दिवस थांबायचं, जाहिरात द्यायची का, सगळं. यातली एक पायरी चुकली तर लिलाव बेकायदा ठरू शकतो. छोट्या मालकाकडे मी स्वतः ऐकलंय, "कशाला नोटीस, फोन उचलत नाही ना, रिकामा कर गाळा." भाडेकरू सैन्यात असेल तर सेवेच्या काळात आणि त्यानंतर ९० दिवस न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याच्या सामानाचा असा लिलाव करता येत नाही, हे त्या मालकाच्या गावीही नव्हतं. मी नकार दिला. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

कंपनीत सॉफ्टवेअर पुढची पायरी उघडतच नाही, आधीची पूर्ण झाल्याशिवाय. मागे वकील असतात. मॅनेजरने दयाळू असावं हे ठीक, पण एखाद्याच्या आईचे फोटो, लग्नाचे कपडे, सगळा संसार चुकीच्या दिवशी विकला गेला तर तुमच्या दयेचा त्याला काय उपयोग?

किल्लीदार

हा मुद्दा वजनदार आहे. पण त्याची दुसरी बाजू सांगतो. सॉफ्टवेअर चुकीचं पाऊल रोखतं, बरोबर पाऊल मात्र थांबवत नाही. नोटीस गेली, तारीख आली, कागद चोख. भाडेकरू हॉस्पिटलमध्ये आहे हे मॅनेजरला माहीत आहे, तो वर मेल टाकतो, उत्तर येईपर्यंत लिलाव ऑनलाइन लागलेला असतो. कायदेशीर आहे म्हणून ते मला योग्य वाटणार नाही. नोटिशीचा कायदा मॅनेजर शिकू शकतो, मी शिकलो, मालकालाही शिकवला. अधिकारच नसेल तर शिकून काय करणार?

लाल कुलूप

तुमच्या मालकाने शिकून घेतलं. माझ्याने नाही घेतलं.

नवी भरती

मला दोन्हीकडून बोलावणं आलंय, छोट्या मालकाकडे घरही मिळतंय. सगळं वाचून भीतीच वाटायला लागली. नवऱ्याचं औषध कायमचं चालू आहे.

सांजफेरी

मग तुमच्यासाठी आरोग्य विमा आधी, बाकी सगळं नंतर. तरीही घर घ्यायचंच ठरलं तर लेखी घ्या: कामाचे तास कोणते, रात्रीच्या बेलचे पैसे वेगळे का, आणि जागा विकली किंवा नोकरी गेली तर घर सोडायला किती दिवस. मालक "आपण घरचेच आहोत" म्हणाला तरी सही घ्या.

किल्लीदार

औषध कायमचं असेल तर मीही कंपनीच म्हणेन. पण तिथे गेल्यावर डिस्ट्रिक्ट मॅनेजरला, म्हणजे त्या भागातल्या जागांच्या वरच्या साहेबाला, पहिल्याच आठवड्यात विचारा, दंड किती रकमेपर्यंत तुम्ही स्वतः माफ करू शकता. काही ठिकाणी थोडी मुभा असते आणि कोणी विचारत नाही म्हणून ती तशीच पडून राहते.

रोखठोक

आमच्याकडे आहे अशी मुभा. मी दर महिन्याला वापरतो.