मदत हवी आहे : चिंक्वे तेर्रे बोटीने, सोबत गुडघे दुखणारी आई

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई (वय ७१) आणि मी इटलीत ला स्पेत्सिया शहरात ४ दिवस राहणार आहोत. जवळच्या किनाऱ्यावरची चिंक्वे तेर्रेची पाच गावं समुद्रातून बघायची ही तिची फार इच्छा. तिला बोट लागत नाही, सपाटीवर ती तासभर चालते. अडचण पायऱ्यांची आहे. कठड्याला धरून वीस-पंचवीस चढते, उतरताना मात्र त्रास होतो.

बोट पोर्तोव्हेनेरेमार्गे रिओमाज्जोरे, मानारोला, वेर्नात्सा, मोंतेरोस्सो अशी जाते, हे माहीत आहे. कोर्निलिया डोंगरावर, तिथे धक्काच नाही आणि स्टेशनापासून वर सुमारे ३८० पायऱ्या, म्हणून ते सोडलं. गावांसाठीच्या ‘चिंक्वे तेर्रे ट्रेन कार्ड’ या पासात रेल्वे येते, बोट येत नाही, तेही कळलं. वेळापत्रक पाहिलं, बोटवाल्यांना दोनदा मेल केली. उत्तरात फक्त तिकिटांचे दर आले.

फोटोंत बोटीच्या नाकाडातून अरुंद फळी खडकावर टाकलेली दिसते आणि खलाशी हात धरून एकेकाला उतरवतात. तेवढं आई करेल. भीती त्यापुढची आहे. मोंतेरोस्सो आणि वेर्नात्साचे धक्के सपाट वाटतात, तरी खात्री हवी. परत यायला रेल्वे चालेल, टॅक्सी नको.

गुडघेदुखीचं माणूस घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा : रिओमाज्जोरे आणि मानारोलाला बोटीतून उतरल्यावर गावात पोचेपर्यंत साधारण किती पायऱ्या आहेत, त्यांना कठडा आहे का? आणि समुद्र खवळला तर फेरी रद्द झाल्याचं सकाळी किती वाजता कळतं?