महालिया जॅक्सन ब्लूज गायली नाही, त्याचं एवढं काय?

जुनी_तबकडी:
गॉस्पेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांचा, विषय निघाला की महालियाचं कौतुक ठरलेलं. जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगने बँडमध्ये बोलावलं, गेली नाही. ब्लूज, म्हणजे त्याच लोकांचं चर्चबाहेरचं सुखदुःखाचं गाणं, गा म्हणून किती जण मागे लागले, बधली नाही. ठीक आहे. पण १९५४ मध्ये कोलंबिया या तबकड्यांच्या कंपनीकडे गेल्यावर काय झालं? मागे व्हायोलिनचा ताफा, गुळगुळीत कोरस, गाणी रेडिओला चालतील अशी आटोपशीर. त्याआधी अपोलो कंपनीसाठी केलेलं ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरलं होतं. नाइटक्लब नको, पण हे चाललं! त्यापेक्षा गॉस्पेलवालीच सिस्टर रोझेटा थार्प सरळ. १९३८ मध्ये गिटार घेऊन न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबात उभी राहिली, देवाचं गाणं जिथे नेता येईल तिथे नेलं.

कोपऱ्यातली_खुर्ची:
पोट भरलेलं असताना नाही म्हणणं सोपं. महालियाची आई ती पाचेक वर्षांची असताना गेली. न्यू ऑर्लीन्सला मावशीने वाढवलं, तेही कडक शिस्तीत. ब्लूज गाणाऱ्या बेसी स्मिथच्या तबकड्या तिने लहानपणीच ऐकल्या होत्या, शेजारच्या छोट्या चर्चमधले ढोल आणि टाळ्या रोज कानावर. म्हणजे ब्लूज गळ्यात होताच. शिकागोत धुणी धुतली, हॉटेलात खोल्या झाडल्या. मंदीच्या दिवसांत नवऱ्याच्या आग्रहाने एका संगीत नाटकासाठी आवाजाची चाचणी दिली, भूमिका मिळाली, आणि ती सोडली. वर तिथल्या मोठ्या चर्चमधल्या मंडळींना तिचं डोलणं, टाळ्या वाजवणं खपत नव्हतं ते वेगळंच. दोन्हीकडून टोमणे खाऊन ही बाई आपल्या जागेवरून हलली नाही. याला तुम्ही ‘एवढं काय’ म्हणता?

चहा_कमी_साखर:
रोझेटाने स्वतःच्या लग्नाला तिकीट लावलं होतं हो. १९५१, वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम. देवाचं गाणं म्हणे.

जुनी_तबकडी:
मग? हजारो लोक पैसे देऊन आले, लग्न लागल्यावर तिने नवरीच्या वेशातच गिटार वाजवून दाखवली. कोणाची फसवणूक झाली? क्लबात गायल्याबद्दल चर्चवाल्यांनी तिला कमी बोल लावले नाहीत. आणि १९७३ मध्ये गेली तेव्हा फिलाडेल्फियात कबरीवर साधा दगड नव्हता, तो पुढे कित्येक वर्षांनी बसला. किंमत तिनेही मोजली, फक्त गाजावाजा झाला नाही.

मध्यलय:
तबकडीराव, कोलंबियाबद्दल अर्धंच सांगताय. १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवातलं महालियाचं ध्वनिमुद्रण याच कंपनीने काढलं. व्हायोलिन औषधालाही नाही. मिल्ड्रेड फॉल्सचा पियानो, ऑर्गन, बास, संपलं. ‘डिडन्ट इट रेन’मध्ये ती ‘रेन’ परत परत घेते, दर वेळी वजन वेगळं, आणि फॉल्सचा डावा हात तिला खाली बसू देत नाही. हेच गाणं रोझेटानेही १९६४ मध्ये मँचेस्टरला गायलं. बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, लोक समोरच्या फलाटावर, अंगात जाड कोट, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, आणि पाऊस खरोखरचा. दोन्ही ऐकून मग भांडा.

जुनी_तबकडी:
न्यूपोर्ट मान्य, एक नंबर. पण तो जॅझचा महोत्सव होता, चर्च नव्हे! जॅझवाल्यांपुढे चालतं, मग कॉटन क्लबचंच वावडं का?

कोपऱ्यातली_खुर्ची:
कारण न्यूपोर्टला लोक ऐकायला बसले होते, कॉटन क्लबात खायला-प्यायला. भीमसेनजींच्या अभंगवाणीला तिकीट असायचंच, म्हणून तिचा कार्यक्रम परमिट रूममध्ये लावला असता का कोणी?
दुसरं म्हणजे, १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन लूथर किंग यांचं भाषण चालू असताना ‘स्वप्नाचं सांग त्यांना, मार्टिन’ असं ती मागून म्हणाली, हे जवळ असलेल्यांनी सांगितलंय. तो अधिकार उगाच येत नाही. शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं तर खिडक्यांवर गोळ्या झाडल्या, तरी ती तिथेच राहिली. १९७१ मध्ये मुंबईतही गाऊन गेली, दिल्लीत इंदिरा गांधी ऐकायला होत्या.

चहा_कमी_साखर:
अधिकार आणि आवाज या दोन गोष्टी आहेत ना? आंदोलनातली महालिया थोर, वाद नाही. पण मिल्ड्रेड फॉल्सला ती पैसे किती कमी द्यायची तेही काढा कधीतरी.

जुनी_तबकडी:
शाब्बास! आणि गिटार? त्या काळात बाईने तशी गिटार वाजवणं, त्यावर अजून एकही शब्द नाही. रॉक अँड रोलवाल्यांनी २०१८ मध्ये रोझेटाला आपल्या मानाच्या यादीत घेतलं, ते काय चर्चच्या शिफारशीवर?

कोपऱ्यातली_खुर्ची:
त्या यादीत महालिया १९९७ पासून आहे, साहेब. एकवीस वर्षं आधी. तेही ब्लूज न गाता.